ट्युबाच्या पिस्टनातलं खोबरेल

आबा, नवे पैसे आले त्या साली तुम्ही, मी आणि तुमच्या थोरल्या भावाचा मुलगा असे तिघं एसटीनं पुण्याला जुना ट्युबा घ्यायला गेलो होतो. आपल्या बँडला खालचा सूर धरणारं वाद्यच नव्हतं. दुकानात मी चकचकीत ट्युबाकडे धावलो, तर तुम्ही म्हणालात, "चकाकी वाजवायचीय व्हय?" त्यानं मात्र पोचे आलेला, काळवंडलेला एक उचलला. पिस्टन एकेक दाबून कान लावला, दुकानदाराकडून मोठं घंगाळ मागून घेतलं, भोंग्यात चिंध्या कोंबल्या आणि सायकलवाला पंक्चर शोधतो तसा नळ्या पाण्यात बुडवून फुंकला. एक बुडबुडा आला नाही. तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. ट्युबा त्याला मिळाला, मला झांजा.

मग रोज जळायला निमित्तच झालं. वाजवून झालं की तो आतलं पाणी काढायचा, चिंचेनं पितळ घासायचा, शिंप्याकडचं मशिनचं तेल पिस्टनांवर थेंब थेंब सोडायचा. तुम्ही शेजारी बसून त्याला टोचून बोलत असायचात, हे चुकलं, ते चुकलं. माझ्याशी, पोटच्या पोराशी, तुम्ही गोड बोलायचात, पाहुण्याशी बोलावं तसं.

मारुंजी गावातल्या एका लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी त्या पिस्टनांत खोबरेल ओतलं. मार्गशीर्षातली थंडी होती. सकाळी नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला आणि पिस्टन गोठून बसले. वऱ्हाडी फिदीफिदी हसत होते. तुम्ही सगळ्यांदेखत त्याच्यावर कडाडलात, "खोबरेल थंडीत थिजतंय, हे तुला सांगाया पायजे? तुला? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी बोललोबी नसतो!" तुमचे डोळे भरून आले होते.

"चुकलं, काका," तो म्हणाला. "सकाळी बघाया पायजे हुतं."

मी दोन हात अंतरावर झांजा धरून उभा आहे. आणि आबा, मला त्या बोलण्याचाही हेवा वाटतोय.

तुम्ही तर गेलात; तो अजून आहे, पौडला असतो. हे पत्र निदान त्याला तरी दाखवावं, पण दाखवणार नाही. माराची भीती मला तेव्हाही नव्हती. मी कबूल केलं असतं, आणि तुम्ही, पाहुण्याला म्हणावं तसं, नुसतं "असू दे" म्हणाला असतात, तर?