डावीकडची वाट

१९ जून, सकाळ

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा दाखवून मोकळी होतेस. पत्राला निदान तसं करता येत नाही.

इकडे सगळं ठीक. वरच्या खोलीत मी, माझा भागीदार, दोन कॉम्प्युटर आणि एक कुरकुरणारा पंखा असा आमचा कारखाना चालू आहे. गेम जवळजवळ तयार झालाय. आपण लहानपणी कॅसेट फुंकून फुंकून खेळायचो ना, मुद्दाम तसाच केलाय: चौकोनी ठिपक्यांची माणसं, मोजके रंग, खड्ड्यात पडलं की जीव गेला. हल्ली लोकांना या जुन्या थाटाचं पुन्हा वेड लागलंय. नायिका एक शिंपीण आहे. हातात कात्री, दोन वेण्या आणि उडी मारताना जीभ बाहेर. कोणावरून घेतली ते विचारू नकोस, चिडशील.

बाबा मजेत. दुकान सध्या बंद आहे. म्हणजे सुट्टी घेतलीय त्यांनी, इतकंच.

तर गंमत ऐक. रिकामं बसून त्यांची दिवसभर किरकिर चालायची, म्हणून मी त्यांच्या हातात गेमचा रिमोट दिला. आधी म्हणाले, "या वयात पोरखेळ?" मग पडद्याजवळ खुर्ची ओढली. मग आणखी जवळ. शिंपिणीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही आपली ठकी ना?" तू गेल्यापासून तुझं हे लाडाचं नाव घरात कोणी घेतलं नव्हतं.

खेळताना मात्र त्यांनी माझं डोकं फिरवलं. अशा गेममध्ये उजवीकडे पळायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पडदा पुढे सरकला की मागचं गेलं, परत फिरता येत नाही. जुन्या गेमचा नियमच तो. बाबा दोन उड्या मारायचे आणि जिथून गेम सुरू होतो त्या तिच्या दुकानाच्या दारापासून शिंपीण लांब गेली की डावीकडचं बटण दाबून धरायचे. ती बिचारी पडद्याच्या कडेला धडका मारत उभी. वटवाघूळ यायचं, तिला मारून जायचं. पुन्हा सुरू, पुन्हा तेच.

"अहो बाबा, पुढे जायचंय. मागे वाट बंद असते."

"अशी कशी बंद असते? घर तिकडेच आहे ना तिचं?"

"तिला राक्षस मारायचाय. घर कुठे मध्येच काढलंत?"

"मारू दे की. मारून झालं की येईल ना परत?"

पोरीला घरी पोचवणं हाच खेळ आहे, असं त्यांना वाटत होतं.

ताई, मी नियम मोडला. मागे फिरता येईल असा सगळा गेम पुन्हा बांधला. भागीदार खवळला. "जुना थाट म्हणून विकायचं आणि जुना नियमच काढून टाकायचा?" शिवाय मी हळूहळू शिंपीण मोठी करत होतो, तिच्या रेघा जाड करत होतो, तेही त्याच्या लक्षात आलं. "अर्धा पडदा तीच खातेय, का?" म्हणाला. खरं कारण सांगितलं तेव्हा स्वतःच तिच्या रेघा आणखी जाड करायला बसला. आता तुलाही सांगतो.

बाबांना दिसत नाहीये गं. सुईत दोरा ओवता येईना, म्हणून दुकान बंद. समोरचं सगळं धूसर होत चाललंय, मला ते आवाजावरून ओळखतात. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आणि आहे तेही फार दिवस टिकणार नाही. ठळक रंगाचे मोठे चौकोन तेवढे त्यांना अजून दिसतात. रोज सकाळी बसतात, शिंपिणीला दारापर्यंत आणतात, ती आत गेली की रिमोट खाली ठेवतात. तुला काही कळवायचं नाही, अशी शपथ घातलीय मला.

"दुकान सोडून गेलीस तर परत या दारात येऊ नकोस," असं ते तुला म्हणाले तेव्हा मी तिथेच होतो. आता तुझं स्वतःचं दुकान चांगलं चाललंय, हे त्यांच्या कानावर येतं, आणि ते ऐकताना त्यांच्याकडे बघवत नाही. पण माघार घेतील तर शपथ. तूही त्यांचीच मुलगी, खाण तशी माती. आई असती तर तिने दोघांचेही कान धरले असते. मला तेवढा अधिकार नाही. मला तुझी फार आठवण येते, घर खायला उठतं, एवढंच मला सांगता येतं. आणि दिसतंय तोवर त्यांनी एकदा तुझा खरा चेहरा बघावा, ठिपक्यांचा नको.

हे लिहितोय तोच बाबा मागे येऊन उभे राहिले. "कोणाला?" म्हणाले. मी सांगितलं. वाटलं, आता माझा उद्धार होणार. त्यांनी नुसता हात पुढे करून पेन मागितलं. खाली जे आहे ते त्यांचं अक्षर. एक ओळ दुसरीवर चढलीय, मला काही केल्या लागत नाही. विचारलं तर म्हणतात, "तुझ्यासाठी नाहीये ते."

तुला लागलं तर बघ. नाही लागलं तर येऊन त्यांनाच विचार.

तुझा,
बारक्या