बायकोचे शुद्ध पत्र

गोरेगाव, दि. ३ नोव्हेंबर १९७४

आदरणीय श्री. पुंजाजी यांच्या सेवेशी रुक्माबाईचा सविनय जयभीम. वि. वि.

नांदेडास गिरणीजवळ आपण खोली घेतल्याचे वाचून अतीव आनंद झाला. आपल्या विरहाने मन व्याकुळ आहे. तथापि आपणांस त्रास नको. मजला नेण्याबाबत सवडीने ठरवावे. लोभ वृद्धिंगत व्हावा, ही नम्र विनंती.

आपली आज्ञाधारक,
रुक्माबाई

नांदेड, ता. ८

चि. वासंतीस दादाचा सप्रेम जयभीम.

तुझ्या वहिनीचे पत्र पोचले. अक्षर तुझे, म्हणून तुलाच विचारतो, तिची तब्येत बरी आहे ना? नऊ वर्षांत तिने मला कधी ‘आपण’ म्हटले नाही. एरवी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय तिचा दिवस मावळत नाही, आणि या पत्रात एक शिवी नाही. सवडीने म्हणते, म्हणजे तिला यायचे नाही. ती मला परकी झाली गं. खोलीला कालच चुना दिला, पण एकट्याने राहून काय करू? एक तारखेला सोडतो म्हणून मालकाला सांगणार आहे. जेवण जात नाही.

आईला जयभीम. तू मास्तरीण झालीस तरी दादाला विसरू नको.

पुंजाजी

गोरेगाव, ता. १३

प्रिय दादास सप्रेम जयभीम.

चूक माझी. वहिनी चुलीपुढून सांगत गेली आणि मी शुद्ध करत गेले. तुझे पत्र वाचून दाखवले तेव्हा तिने मला असे काही धुतले की विचारू नकोस. आता ती बोलते तसेच मी लिहिते.

“अवो, खोली सोडाल तर याद राखा. सवडीनं असं मी कवा म्हणलं? दसरा गेला तरी हा माणूस काहून येऊन नाही राहिला, तिथं कोंबड्या राखून राहिला का, असं म्हणलं होतं. ही पोरगी विरह लिहू का म्हणते. तसलं मला काई झालं न्हाई. रोज सांजच्याला एक भाकर जास्त थापल्या जाते, ती पाहून तुमचा राग येतो, एवढंच. गाठोडं बांधलंय. न्यायला या, न्हाई तर मी एकटी येते, मंग बघा तुमची गत.”

यापुढे माझ्या मनाचा मी फक्त पत्ता लिहीन. माया पातळ करू नकोस.

तुझी वासंती

नांदेड, ता. १७

चि. वासंतीस सप्रेम जयभीम.

पत्र मिळाले. ‘याद राखा’ वाचले आणि मला रडूच कोसळले. शेजारचे नरसिंगराव धावत आले, कोण गेलं म्हणून विचारू लागले. बायको रागावली म्हणून सांगितले, तर ते काही न समजून परत गेले. आज दोन ताटे जेवलो.

शनिवारी न्यायला येतो. हे पत्र तिला वाचून दाखव. मी रडलो तेवढे मात्र शुद्ध करून सांग.

तुझा दादा