बोरू आणि बाबांचा आंबा

लालबाग, मंगळवार

चि. तातू यास दादाचा आशीर्वाद.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. थोडं चुरचुरतं, पण वहिनीला ते सांगू नकोस. वाडीत रेंज नाही म्हणून लिहितोय.

काल आपली अक्षदा कॉलेजातून आली आणि म्हणाली, "आजोबा, कलम शब्द कुठला?"

"कोकणातला! आणखी कुठला?"

"ग्रीसचा! तिकडे बोरूला कालामोस म्हणायचे. त्याची लेखणी केली, तिलाही तेच नाव. ते अरबांनी घेतलं, मग फारसीतून आपल्याकडे आलं."

तातू, मला जेवण सुचेना! शाळेत गुरुजी बोरू तिरका तासून द्यायचे, तशीच आपण आंब्याची काडी तासतो. म्हणूनच झाडालाही कलम म्हणत असतील, असं मला वाटतं. अक्षदा हे तिच्या बाईंना विचारणार आहे.

बाबांच्या आंब्याला बांधलेल्या कलमाच्या कुंडीत पाणी घालतोस ना? सांधा जुळल्याशिवाय फांदी तोडू नकोस. मागच्या वेळी घाई केलीस आणि रोप वाळलं. आता रस्ता रुंद करताना आंबाच तोडणार, म्हणजे पुन्हा बांधायला झाड उरणार नाही.

करवतवाले लवकर आले, तर गोड बोल, चहा दे. ऐकलं नाही, तर झाडाखाली खुर्ची टाकून बस आणि कुणाला तरी बाजारात धाडून मला फोन करायला सांग. डॉक्टर प्रवास नको म्हणतात, म्हणू देत. मी येतो. माझीही खुर्ची काढून ठेव.

तुझा,
दादा