चालून आल्यावरची भाकर

यवतमाळ, १६ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. कौसल्याले आजी रुखमाबाईचा जयभीम न् पोटभर आशीर्वाद.

तुहं पत्र पोचलं. रातच्या प्रौढ वर्गात शिकली तेवढ्यावर अक्षर अक्षर लावत वाचलं. सातवा लागला म्हणतेस! खाटेवर उभी राहून नाचलीच असती, पण खाट तुह्या मामाची हाय. पहिलं बाळंतपण मायच्या घरी. तुही माय तर तुले तान्ही टाकून वारली, म्हणून मायची माय करते. मारेगावले आपल्या घरी ये, मी हावो.

पण मी कुठी हावो थे आधी आईक. मागच्या महिन्यात विहिरीवर पाणी वढता वढता डोळ्यापुढं अंधारी आली न् बसलीच. तुह्या मामानं, बाबारावानं, उचलून इकडं आणलं. दवाखान्यातला डाक्टर म्हणे छातीवर चरबी चढली, वीस पौंड उतरल्याबिगर गावी जायचं नाही. बाबारावानं थे गाठीले बांधलं. थो कापसाच्या जिनात वजनकाट्यावर हाय ना, दर बाजाराच्या दिवशी मले कापसाच्या काट्यावर बसवते. हमाल इचारतात, बाबारावभाऊ, हे गाठोडं कोन्या गावचं? मी म्हणलं, मारेगावचं हाय बाप्पा, पण ओलं हाय, वजन पाहून फसू नका!

रोज दोन टायमाले चालून राह्यली, घाम फुटेपर्यंत. कधी टेशनाकडं, कधी पार वस्तीच्या टोकाले, माही जुनी सोबतीण जमनी राहते तिच्याकडं. चालून चालून भूक अशी लागते का इचारू नको. लोकंही गुणाचे. एवढ्या लांबून पायी आली न् कोरडी जाते काय म्हणतात. मंग कुठी भाकर-भरीत, कुठी गूळ-शेंगदाणे. चालून आल्यावरचं खाल्लेलं अंगी लागत नाही, थे चालण्याचंच असते. पंधरा दिवसात उतरते पाह्य.

जावईबापू श्रावणले जयभीम सांग. माया वाढू दे, माह्यासारखं वजन तेवढं नको म्हणाव.

तुही आजी


झरी, ७ डिसेंबर १९५८

ती. आजीस कौसल्याचा सादर जयभीम. वि. वि.

तुझं गाठोडं वाचून एकटीच हसली. एकटीच, कारण हे जंगलातल्या कूपाच्या झाडतोडणीवर गेले की आठ आठ दिवस येत नाहीत. चहूकडं साग, न् घरात सासूबाई. त्या रोज इचारतात, तुझ्या माहेराले कुलूप लागलं म्हणे, मंग जातीस कोणाकडं? मी म्हणते आजी येऊन राह्यली. त्या म्हणतात, काट्यावरून उतरली काय?

आजी, किती उतरलं थे लिहिलं नाहीस. नववा अर्धा झाला की बैलगाडीत बसता येणार नाही, म्हणून घाई करते. मामा-मामीले जयभीम. मामीनं पत्रात कधी दोन शब्द लिहिले नाहीत. रागावल्या नाहीत ना?

आशीर्वादाची वाट पाहणारी,
कौसल्या


यवतमाळ, १८ डिसेंबर १९५८

चि. कौसल्याले जयभीम न् आशीर्वाद.

उतरलं नाही वो माय. दोन पौंड चढलं. बाबारावानं काटा तीनदा झाडला. डाक्टरनं इचारलं, चालून आल्यावर काय करता? खरं थे सांगितलं. थो हसून म्हणे, आजी, जाताना गाडी रिकामी करता न् येताना दुप्पट भरून आणता. बाबारावानं सांजचं जेवण बंद म्हणून सांगितलं.

तिथंच माही सटकली. दोन वर्षं झाली दीक्षा घेऊन. सोमवार सोडला, चतुर्थी सोडली. उपास नाही म्हणजे नाही. मंग वजनासाठी उपाशी राहणं म्हणजे थेच मागल्या दारानं आणणं नाही काय? भगवंत बुद्धानंही उपास करून पाह्यले, काही हाती लागलं नाही, तवा सुजाताची खीर खाल्ली. बाबारावलेही हसू फुटलं! कांतामामी चुलीकडं तोंड करून हसली.

हसले सारे, पण दार काही उघडलं नाही. गावची पेटी खाटेखाली पडली हाय. सकाळी मोटरीचा भोंगा वाजला का पाय आपोआप चपला शोधतात. दावणीच्या गाईले वैरण मिळते बाई, दावं सुटत नाही.

तब्येत सांभाळ, न् आजीवर रुसू नको.

रुखमाबाई


झरी, २८ डिसेंबर १९५८

ती. आजीस सादर जयभीम.

भगवंतानं खीर एक वाटी खाल्ली होती, आजी. तिथून निघून दुसऱ्या घरी भरीत नाही खाल्लं. देवासाठी उपाशी राहू नको, माझ्यासाठी दोन घास कमी खा. त्याले उपास म्हणत नाहीत.

मले भेव वाटते. माय मले जन्म देतानाच गेली, हे सासूबाई येता-जाता आठवून देतात. इथं सुईण नाल्यापलीकडं राहते. तू हात धरून बसली असतीस तर मी भेवाचं नावही घेतलं नसतं. अजून काय लिहू.

तुझीच,
कौसल्या


यवतमाळ, १३ जानेवारी १९५९

चि. कौसल्याले आजीचा जयभीम न् लाख आशीर्वाद.

तुहं पत्र वाचलं त्या दिवसापासून चालून आल्यावर फक्त पाणी. जमनीनं ताट पुढं केलं, मी हात जोडले. थे म्हणे, रुखमाबाई, शहरात राहून मोठी झालीस! घरी येऊन एक भाकर, वाटीभर अंबाडीची भाजी, बस. पोट रडे, मी त्याले सांगे, गुमान राह्य, कौसल्याचं काम हाय.

चढलेले दोन गेले, न् वर सहा पौंड उतरले. वीसाले लय राह्यले, न् तुह्ये दिवस काही काटा पाहून थांबत नाहीत. म्हणून परवा कोणाले न सांगता पेटी घेऊन मोटरीच्या स्टँडवर निघाली. अर्ध्या रस्त्यात दम लागला. पेटीवर बसली न् उठताच येईना. मोटर डोळ्यापुढून गेली.

मागून कांतामामी आली. मले वाटलं आता ऐकवते. थे बाजूले मातीत बसली, पदरानं माह्यं तोंड पुसलं न् म्हणे, आत्याबाई, तुम्ही कमी व्हायची वाट पाहू नका. पोरीलेच इकडं आणा. मी म्हणलं, अवं, मंग इतके दिवस बोलली काहून नाहीस? थे म्हणे, मले लेकरू नाही. अशा बाईच्या घरी पहिलटकरीण कोणी धाडत नाही, मी कोणत्या तोंडानं बोलावू? पण तुम्ही उपास सोडले, देव सोडले. हेही सोडलं असंल तर आणा तिले माह्या घरी.

पोरी, मले वाटत होतं मी समदं सोडलं. एका घरात तीन महिने राहून माह्या मनातही मामीचं घर आलं नाही, मारेगावच मारेगाव करत राह्यली. मी तिचा हात धरला न् म्हणलं, चाल घरी, खाट मांडू.

बाबाराव हे पत्र घेऊनच उद्याच्या पहिल्या मोटरीनं निघून राह्यला, वणीवरून बैलगाडी करून येते. गाडीत गवत दाट टाकायले सांगितलं. दवाखाना इथून हाकेवर हाय. कांतानं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायले घेतली, न् मले सुईत दोरा ओवायलेही देत नाही.

मी काही सुटली नाही. चौदा पौंड अजून अंगावर हायेत. तूही ये न् अडक आमच्यासंगं.

वाटेकडं डोळे लावून,
तुही आजी, न् तुही कांतामामी (तिनं पहिल्यांदा सही केली, वाकडी हाय, हसू नको)