आकाशपाळण्यात न बसलेली आई

रविवार, ऑगस्ट २००६. मिल्टन कीन्स, इंग्लंड

काल फ्रान्सहून परतलो, पण तो आकाशपाळणा डोक्यातून जात नाही. छोटंसं पार्क, एकाच कुटुंबाने चालवलेलं. म्हातारी मालकीण स्वतः पाळण्याचं दार उघडून आईला हाताने बोलावत होती. आई पदर खोचून निघालीसुद्धा. मीच म्हटलं, "अगं आई, या वयात? चक्कर आली तर?" ती आमच्या बॅगा घेऊन बाकावर बसली. मी आणि माझी बायको नेहा वर गेलो. कशाला अडवलं मी तिला? तब्येत तर ठणठणीत आहे तिची.

आज संध्याकाळी नागपूरहून मावशीचा फोन आला. आई उत्साहाने सांगत होती, "हो तर, बसले ना आकाशपाळण्यात! वरून सगळं गाव दिसत होतं."

मी सिंकपाशी भांडी घासत होतो. मागे वळून तिच्याकडे बघवलं नाही.