पिवळे तळवे

प्रिय मृणाली,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझा हात थांबला असेल. तरी शेवटपर्यंत वाच. सातवीनंतर मी एवढं कधी लिहिलेलं नाही. चार ओळी झाल्या की मनगट दुखतं, पेन खाली ठेवते, पुन्हा उचलते. सकाळपासून तिसऱ्यांदा बसले आहे. थकले गो.

घरी तसं ठीक आहे. सुजयची या आठवड्यात सेकंड शिफ्ट. जेवतो, जातो, माझ्याशी कामापुरतं बोलतो. अपेक्षाची झोळी अजून तशीच टांगलेली आहे. सोडायला माझा हात धजत नाही.

तू कंपनीत पुन्हा रुजू झालीस तेव्हा ती सहा महिन्यांची होती. सकाळी कासूहून गाडी धरून तू रोह्याला जायचीस आणि दिवसभर ती माझ्याकडे. अंगणवाडीच्या पूजाताईंनी मला सांगितलं होतं, लाल भोपळा, गाजर, पपई, शेवग्याचा पाला द्या, मुलांच्या डोळ्यांना चांगलं, आणि वर थेंबभर तूप घाला म्हणजे अंगी लागतं. मी तेवढंच धरून बसले. गाजरं भरपूर आली तेव्हा किसून सावलीत वाळवली, कारण उन्हात रंग उडतो आणि त्याच्याबरोबर गुणही जातो असं त्या म्हणाल्या होत्या. पूड करून घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या फडताळात ठेवली. मग सकाळी भोपळा, दुपारी पपई, संध्याकाळी मऊ भातात ती पूड. उरलेलं मी खायचे. तू एकदा म्हणालीस, "आई, रोज तेच नको, अधूनमधून डाळ, नाचणीही द्या ना." मला ते लागलं. दिवसभर राबणारी मी आणि शिकवणार तू, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चमचाभर पूड जास्त घातली.

मग पोर पिवळी दिसायला लागली. आधी नाकाचा शेंडा, मग तळहात, तळपाय. शेजारची जनी म्हणाली, "कावीळच हाय गो ही." तुला फोनही न करता मी तिला नेऊन गळ्यात काविळीची माळ घालून आणली. माळ देणाऱ्यांनी सांगितलं म्हणून तेल, तूप, दूध सगळं बंद. नुसता उसाचा रस. संध्याकाळी तू आलीस तेव्हा अंगणात चार बायका होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "बाटलीत काढून ठेवलेलं दूध पाजतेस, त्यानंच झालं. तुला पगार पायजे ना? घे आता." दोन दिवस तू डॉक्टरकडे नेऊया म्हणून विनवत होतीस आणि सुजय माझं ऐकत होता. पोर मलूल झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तू ती माळ कात्रीनं कापलीस आणि तिला घेऊन रोह्याला माहेरी गेलीस. सुजय मागून ओरडला, "परत यायचं तर नोकरी सोडून ये." मी दारात उभी होते. त्याला गप्प कर म्हणून मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

तुला या घरात कुणी सांगितलं नसेल, सुजयच्या आधी मला एक मुलगा होता, रघू. आठ महिन्यांचा असताना त्याला खरीच कावीळ झाली. तुझे सासरे मिठागरावर होते. मी एकटी त्याला पेणच्या दवाखान्यात घेऊन गेले, तिथून अलिबागला. पाचव्या दिवशी तो गेला. माझ्या सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या, "माळ घातली असतीस तर पोर वाचलं असतं." ते खरं नाही हे कळायचं, तरी इतकी वर्षं ऐकून कुठंतरी मुरलं होतं. म्हणून या वेळी मी आधी माळेकडे धावले. आणि तुला जे बोलले ते बोलून झाल्यावर लक्षात आलं, अगदी त्यांच्यासारखीच बोलले.

गेल्या सोमवारी भांडी घासताना माझेच तळहात पिवळे दिसले. घाबरून रामवाडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पापणी खाली ओढून बघितली. "डोळे पांढरे आहेत, कावीळ नाही. खाता काय रोज?" उरलेली पूड, भोपळा अजून मीच संपवत होते; ते सांगितलं तर हसायला लागले. म्हणाले, "गाजर-भोपळ्यात बीटा-कॅरोटीन असतं, त्याचा रंग कातडीत उतरलाय. शरीर लागेल तेवढ्याचंच जीवनसत्त्व करतं, बाकीचा रंग असा दिसतो. अपाय काही नाही. कमी करा, महिना-दोन महिन्यांत जाईल." लहान बाळालाही होतं का, असं विचारलं. "बाळांना तर पटकन होतं," म्हणाले. एसटी स्टँडवर येऊन बसले. दोन गाड्या सुटल्या तरी मला उठवेना.

म्हणजे रोह्याच्या डॉक्टरांनी तुला पहिल्याच दिवशी हे सांगितलं असणार. तू सुजयला एवढंच कळवलंस, "कावीळ नाही, अपेक्षा बरी आहे." कशानं झालं ते लिहिलं नाहीस. त्यानंही विचारलं नाही. गावात महिनाभर तुझ्या दुधाला नावं ठेवत होते आणि तू माझं नाव घेतलं नाहीस.

काल सुजयला समोर बसवून सगळं सांगितलं, रघूचंही. मग त्या चारही बायकांच्या घरी जाऊन तेच सांगून आले. हे तुला फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवरचं बोललेलं उद्या मीच फिरवीन, माझा मलाच भरवसा नाही. म्हणून कागदावर लिहून देते: दोष तुझ्या दुधाचा नव्हता, नोकरीचा नव्हता, माझ्या हट्टाचा होता. परत ये असं म्हणत नाही, तो अधिकार मी घालवला. पण आलीस, आणि पुढं कधी या घरात कुणी तुला नोकरी सोड म्हणालं, अगदी मीसुद्धा, तर हे पत्र पुढ्यात टाक. खाली सही पूर्ण केली आहे.

तुझीच,
बायजा काळुराम म्हात्रे