दुसऱ्या भागातला दम

रविवार, १५ नोव्हेंबर १९८७. नंदनवन.

दादाने आज कोराडीहून येताना आमच्या तलवारीच्या खेळाचा दुसरा भाग आणला. कॉम्प्युटरला कॅसेट लावली आणि टीव्हीवर आमचा शिपाई उभा राहिला. दुसरा भाग? कधी केला? ऑफिसातल्या मित्राबरोबर, म्हणे. मला विचारलंही नाही.

पहिल्या भागातली लढाई मी लिहिली होती. दोन-चार वार केले की शिपाई दम घ्यायला थांबायचा, आणि तेवढ्या वेळात त्याला जपायचं, हीच तर गंमत होती. मला दमा आहे म्हणून ते सुचलं. दादाला हे ठाऊक आहे. आता शिपाई थांबतच नाही. बटण दाबत राहायचं, तो कापत सुटतो, आणि प्रत्येक मुडद्यागणिक त्याची ताकद वाढते.

"लोकाईले थांबणं आवडत नाही वं," दादा म्हणाला. "तू काहून रागावून राहिली?"

म्हणजे दम काढूनच टाकला? नाही, काढलेला नाही. थोडं खेळल्यावर दिसलं. आता शत्रू दम घेतात. वाकून, खांदे उडवत, अगदी मी लिहिला होता तसाच. आणि नेमकं तेव्हाच त्यांना मारायचं असतं.

मी सगळ्यांना मारलं. दादाने खूश होऊन पाठ थोपटली, लहानपणी मला दम लागला की थोपटायचा तशी.